नोकरी गेली, पोस्टपेडचं बिल आणि मोबाईलचा हप्ता दोन्ही अंगावर, नंबर तरी कसा वाचवू?

कुपवाड_व्हीएमसी (सांगली)

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय विषय कळणार नाही. मी कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपला व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) ऑपरेटर होतो, कॉन्ट्रॅक्टरकडनं, तीन वर्षांच्या वर झालं. ऑर्डरी कमी झाल्या म्हणून आधी ओव्हरटाईम बंद केला, मग सेकंड शिफ्ट बंद, आणि मागच्या महिन्यात गेटवरच सांगितलं की उद्यापासून येऊ नका, लागलं तर बोलवतो. हातात १७ हजार यायचे. शेवटच्या महिन्याचा पगार अजून कॉन्ट्रॅक्टरकडं अडकलाय, फोन केला की "बिल पास झालं नाही" म्हणतोय.

आता मोबाईलचं सांगतो. ३२ हजाराचा फोन हप्त्यावर घेतलाय, फायनान्सवर, महिन्याला २,६७० जातात आणि अजून ७ हप्ते राहिलेत. पाच तारखेला खात्यातनं आपोआप कट होतात. त्याच्यावर पोस्टपेडचा फॅमिली प्लॅन, त्यात माझा, बायकोचा आणि वडिलांचा असे तीन नंबर, वडील गावाकडं कवठेमहांकाळ तालुक्यात असतात. प्लॅन ९९९ चा पण टॅक्स धरून ११७९ पडतात. पगार चालू होता तोवर काय वाटत नव्हतं, आता घरभाडं, गॅस आणि पोरीची फी काढली की एवढे पैसे उरतच नाहीत.

दुकानदाराकडं गेलतो, फोन परत घ्या म्हटलं, तर तो म्हणाला आमचा काही संबंध नाही, फायनान्सवाल्यांशी बोला. चुलतभाऊ म्हणतोय सिम मोडून टाक, नवीन प्रीपेड घे, कोण येतंय विचारायला. पण हाच नंबर मी मिरज, पलूस, शिरवळ सगळीकडं बायोडाटावर टाकलाय, एखाद्या एचआरचा फोन आला आणि लागला नाही तर मी काय करू. बायकोचा नंबर बचत गटाच्या खात्याला आहे. पाच तारीख जवळ आलीय आणि रात्री झोप लागत नाही हो. बिल नाही भरलं तर नेमकं काय होतं, आणि हप्त्याचं काय करू, कुणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

पोवईनाक्याचा (सातारा)

भावा, आधी एक काम कर, सिम मोडू नको. मी बरीच वर्षं मोबाईल कंपनीच्या स्टोअरला काऊंटरवर होतो म्हणून सांगतो, या कारणानं नंबर गेलेली माणसं मी रोज बघायचो आणि नंतर तीच माणसं आधारचा ओटीपी येत नाही म्हणून परत काऊंटरला यायची. तुझा नंबर आधारला असणार, बँकेला असणार, पीएफच्या यूएएनला (पीएफचा कायमचा नंबर) असणार. नोकरी गेलेल्या माणसाला पीएफ काढायचा असतो, आणि पीएफ काढताना ओटीपी त्याच नंबरवर येतो. फोन गेला तर दुसरा घेता येईल, नंबर गेला तर पुढचं प्रत्येक काम अडतं.

बिल नाही भरलं की काय होतं ते सांगतो. आधी आऊटगोइंग बंद करतात, मग इनकमिंग, मग कनेक्शन कायमचं तोडतात आणि काही महिन्यांनी तो नंबर दुसऱ्याला विकला जातो. थकबाकी मात्र तुझ्याच नावावर राहते, वसुलीवाल्या एजन्सीचे फोन येतात आणि काही कंपन्या ती थकबाकी क्रेडिट ब्युरोलाही कळवतात. म्हणजे हजार-बाराशेसाठी नंबरही गेला आणि नावही खराब झालं.

त्यापेक्षा पोस्टपेडचं प्रीपेड करून घे, त्याच कंपनीत, नंबर तोच राहतो. आता हे आधार आणि ओटीपीवर होतं, पूर्वीसारखे फोटो आणि फॉर्मचे गठ्ठे लागत नाहीत. तुझा फॅमिली प्लॅन आहे म्हणून क्रम नीट लक्षात ठेव: आधी बायकोचा आणि वडिलांचा नंबर तुझ्या मेन नंबरपासनं सोडवून घ्यायचा आणि ते दोन प्रीपेड करायचे, मग शेवटी तुझा. मेन नंबर आधी हलवायला गेलास की काऊंटरवाला अडवणार. जायच्या आधी आलेलं बिल भर, आणि बिल सायकल कुठल्या तारखेला संपते ते ॲपमध्ये बघून त्याच्या दोन-तीन दिवस आधीच जा, नाहीतर नवीन महिना चालू झाला की त्याचेही पैसे लागतात. जेवढे दिवस वापरलं तेवढ्याचं एक शेवटचं बिल येईल, ते भरलं की "नो ड्यूज" मेलवर मागून घे. कनेक्शन घेताना डिपॉझिट भरलं असशील तर ते शेवटच्या बिलात वळतं करा म्हणून सांग, आपणहून कुणी करत नाही. आणि यूपीआयमधला त्या बिलाचा ऑटोपे शेवटचं बिल भरून झाल्यावर बंद कर.

वडिलांना नेट लागतं का? लागत नसेल तर नुसत्या कॉलिंगचं पॅक बघ. ट्रायनं, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सक्ती केली की ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी कॉल आणि एसएमएसचं वेगळं पॅक ठेवा, जानेवारी २०२५ पासनं ती आली आहेत. खाजगी कंपन्यांची ८४ दिवसांची पॅक साडेचारशे ते पावणेपाचशेच्या आसपास मिळतात, म्हणजे दिवसाला साडेपाच रुपये. ॲप उघडल्या उघडल्या ही पॅक दिसत नाहीत, खाली खाली जाऊन "व्हॅल्यू" नाहीतर "व्हॉइस ओन्ली" असं काहीतरी शोधावं लागतं, दुकानदार तर विचारल्याशिवाय सांगतच नाही. वडील आणि वहिनी दोघांना ते टाकलं आणि तुला दोनशेच्या आतबाहेरचं २८ दिवसांचं डेटावालं टाकलं तरी महिन्याचा खर्च निम्म्यावर येतो.

दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायची घाई आत्ता नको. पोर्टला आधी आलेली बिलं भरलेली लागतात, त्या नेटवर्कवर ९० दिवस झालेले लागतात, १९०० ला पोर्ट स्पेस नंबर असा मेसेज टाकला की कोड येतो तो चार दिवसच चालतो. आणि नवीन सिम चालू होईपर्यंत मध्ये काही तास नंबर बंद असतो, नेमका त्या वेळेला मुलाखतीचा फोन नको चुकायला.

स्पष्ट_बोलतो_तासगाव

मी वेगळं सांगतो, राग मानू नका कुणी. घरात लेकरू आहे, भाडं आहे, नोकरी नाही. आधी भाडं, किराणा आणि फी, मग फायनान्स कंपनी. हप्ता नाही भरला म्हणून कुणी तुरुंगात टाकत नाही, ते दिवाणी मॅटर असतं. माझ्या बघण्यात एकानं हप्ते थांबवले, चार-सहा महिने फोन आले आणि नंतर कंपनीनंच कमी पैशात सेटलमेंट दिली. कशाला स्वतःला जाळून घ्यायचं. भावा तू नंबर तेवढा प्रीपेड कर, वरच्यांनी सांगितलंय ते बरोबर आहे, आणि हप्त्याकडं बघू नको काम लागेपर्यंत.

अर्चना_मिरज

तासगावचे दादा, घर आधी हे तुमचं शंभर टक्के खरं आहे आणि मीही तेच म्हणेन. पण हप्त्याकडं बघूच नको हे मला पटत नाही. मी फायनान्स कंपनीच्या ऑफिसला कलेक्शनच्या एंट्र्या करायचे, त्यामुळं आतनं काय होतं ते माहिती आहे. जो आधी सांगतो त्याची फाईल वेगळी पडते आणि जो फोन उचलत नाही त्याची वेगळी पडते.

कुपवाडच्या दादांनी पहिलं हे समजून घ्या की फोन दुकानातनं घेतला तरी कर्ज दुकानानं दिलेलं नाही, एनबीएफसीनं म्हणजे बँक नसलेल्या फायनान्स कंपनीनं दिलंय. दुकानदाराला त्याचे पैसे पहिल्याच दिवशी मिळालेत, म्हणून तो हात वर करतोय आणि त्याचं त्यात काही चुकलेलं नाही. कंपनीच्या ॲपमधनं लोन ॲग्रीमेंट आणि केएफएस (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) डाऊनलोड करा, १ ऑक्टोबर २०२४ पासनं आरबीआयनं हा केएफएस कागद नवीन रिटेल कर्जांना सक्तीचा केलाय. त्यात बाऊन्स चार्ज किती, दंड किती, लोन आधी बंद करायला किती लागतात सगळं असतं. आणि एक मुद्दाम बघा, लोनसोबत कुठला विमा घातलाय का. फोन घेताना आपण सह्या करत जातो, त्यात कधीकधी विम्याचा हप्ता धरलेला असतो आणि त्या विम्यात नोकरी गेल्याचं कव्हर असू शकतं. असेल तर क्लेम करा, नसेल तर निदान कळेल तरी.

पाच तारखेच्या आधी मेल टाका. फोनवर बोलू नका असं नाही, पण फोनवर बोललेलं टिकत नाही, कॉल सेंटरची पोरं रोज बदलतात. मेल मराठीत लिहिला तरी चालतो, साधा लिहायचा: लोन नंबर अमुक, माझं काम अमुक तारखेला गेलं, आतापर्यंतचे सगळे हप्ते वेळेवर भरलेत, पुढचे तीन महिने मी महिन्याला एवढेच भरू शकतो, राहिलेल्याची मुदत वाढवून द्या, आणि पाच तारखेला खात्यात पैसे नसतील म्हणून त्या दिवशी मँडेट (खात्यातनं आपोआप हप्ता कापणं) टाकू नका. सोबत कॉन्ट्रॅक्टरचं पत्र मिळालं तर ते, नाहीतर बँकेच्या स्टेटमेंटचं पान, ज्यात पगार यायचा थांबलेला दिसतो. "बघून सांगा" असं लिहू नका, तुम्हीच आकडा द्या. मी बघितलंय, आकडा दिलेल्या मेलला उत्तर येतं. मुदत वाढवून देणं कंपनीच्या हातात आहे, तुमचा हक्क नाही, त्यामुळं नाही म्हणण्याचीही तयारी ठेवा, पण तो मेल पुढं खूप कामाला येतो.

मँडेट टाकू नका हे का म्हणते ते सांगते. खात्यात पैसे नसताना हप्ता आला की कंपनी बाऊन्स चार्ज लावते तो वेगळा आणि तुमची बँक लावते तो वेगळा, त्यात काही कंपन्या त्याच महिन्यात परत परत मँडेट टाकतात आणि बँक प्रत्येक वेळी कापते. मी अशी पासबुकं बघितलीत की २,००० चा हप्ता राहिला बाजूला आणि चार्जेसच हजाराच्या वर गेले. पगाराचे पैसे ज्या खात्यात येणार आणि हप्ता ज्या खात्यातनं जाणार ते एकच असेल तर नवीन येणारे पैसे, म्हणजे पीएफ म्हणा किंवा अडकलेला पगार म्हणा, दुसऱ्या खात्यात घेता येतात का बघा, म्हणजे घरखर्चाचे पैसे आधी कापले जाणार नाहीत. जमेल तेवढी रक्कम कंपनीच्या ॲपमधनं भरा आणि पावती ठेवा. घरी आलेल्या माणसाच्या स्वतःच्या यूपीआयवर कधीच टाकू नका, रोख देऊ तर अजिबातच नका.

तुरुंगाचं म्हणाल तर नुसता हप्ता थकला म्हणून तुरुंग नाही हे खरं. पण मँडेट पैसे नाहीत म्हणून परत गेलं तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ आहे, ते चेक बाऊन्ससारखंच आहे, नोटीस येऊ शकते. छोट्या मोबाईल लोनसाठी बहुतेक वेळा धमकीपुरतंच वापरतात, पण लेखी नोटीस आली तर फेकून देऊ नका, उत्तर द्या. आणि सेटलमेंट झाली की सिबिलला "सेटल्ड" असा शिक्का राहतो, "क्लोज्ड" नाही, उद्या गाडी किंवा घराचं लोन घ्यायला गेलात की तो नडतो. ते चालणार असेल तर घ्या, पण माहिती असून घ्या.

वसुलीवाल्यांचं आरबीआयनं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ नाही, नातेवाईकांना, शेजाऱ्यांना फोन करून बदनामी नाही. दंडावर दंड, म्हणजे दंडाची रक्कम मुद्दलात घालून त्यावर व्याज, हेही बंद केलंय, १८ ऑगस्ट २०२३ चं सर्क्युलर आहे. असं काही झालं तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल, त्याचं नाव वेबसाईटवर असतंच, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडं सीएमएस पोर्टलवर तक्रार, फुकट आहे, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ नंबर आहे. मुदत वाढवून द्या म्हणून लोकपाल कंपनीला सांगणार नाही, पण त्रास आणि चुकीचे चार्जेस यासाठी तिथं नक्की दाद मिळते.

कुपवाड_व्हीएमसी

ताई आणि दादा, खूप आधार वाटला वाचून. दोन गोष्टी विचारतो. फोन विकून लोन संपवता येईल का, आणि मोबाईलवर सारखे मेसेज येतायत की पाच मिनिटात २० हजार लोन, आधार टाका फक्त. त्यातनं तीन-चार हप्ते भरून टाकू का, तोवर काम लागेल.

अर्चना_मिरज

ते दुसरं अजिबात नको. एक कर्ज फेडायला ॲपवरचं दुसरं कर्ज नको, त्याचं व्याज या फोनच्या हप्त्यापेक्षा कितीतरी जास्त पडेल, आणि त्यातली कितीतरी ॲप आरबीआयकडं नोंदलेल्या कुठल्याच कंपनीची नसतात. आरबीआयच्या नियमात कर्जाच्या ॲपनं तुमचे कॉन्टॅक्ट आणि फोटो उघडायचेच नाहीत असं आहे, आणि ही बोगस ॲप पहिली परवानगी तीच मागतात, मग एक हप्ता चुकला की फोनमधल्या सगळ्यांना मेसेज जातात. आधार टाकून बसला असाल आणि काही पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला फोन करा.

फोन विकण्याचं गणित मात्र करून बघा. ७ गुणिले २,६७० म्हणजे १८,६९० होतात, पण आधी बंद केलं तर पुढचं व्याज कमी होऊन वर थोडा चार्ज लागेल, नक्की आकडा ॲपमध्ये "फोरक्लोजर"ला कळतो. तुमचा फोन बॉक्स आणि बिलासकट आत्ता तेवढ्यात जात असेल तर विकून मोकळं व्हावं, साधा फोन घ्यावा. फक्त आधी लोन बंद, मग एनओसी, मग विक्री. लोन चालू असताना विकला तर ॲग्रीमेंट मोडल्यासारखं होतं. आणि काही फोनात फायनान्सवाल्यांचं लॉकचं ॲप टाकलेलं असतं, घेणाऱ्याच्या हातात गेल्यावर लॉक पडला तर तो तुमच्या दारात येईल. मधल्या दोन-चार दिवसांसाठी घरातल्या कुणाकडनं हातउसने मिळाले तर जमतं हे.

कराडचा_युनियनवाला

मोबाईलवर सगळे बोलले, मी पैसे कुठनं येतील ते बोलतो, कारण खरा तिढा तिथं आहे.

पगार १७ हजार म्हणजे तुझा ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापला जात असणार, २१ हजारापर्यंत लागतो तो. ईएसआयसीची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, २०१८ ला चालू झालेली, त्यात नोकरी गेलेल्या माणसाला सरासरी रोजच्या पगाराच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस मिळतात. आयुष्यात एकदाच मिळतं. किमान दोन वर्षं विम्यात असायला लागतं आणि शेवटच्या काळात ठरावीक दिवस वर्गणी भरलेली लागते, तुझी तीन वर्षं झालीत म्हणजे पहिली अट तर बसते. गैरवर्तनावरनं काढलेल्याला मिळत नाही, तुझं तसं नाही. ही योजना मुदतवाढ देत देत चालवतात म्हणून ईएसआयसीच्या ब्रँच ऑफिसला स्वतः जा, आधार, पासबुक आणि आयपी नंबर (ईएसआयचा विमा नंबर) घेऊन. आमच्याकडच्या किती पोरांना हे माहितीच नव्हतं, पगारातनं पैसे कापले जातात पण त्याचं काय मिळतं ते कॉन्ट्रॅक्टर सांगत नाही.

दुसरं पीएफ. बेकार झाल्यावर ७५ टक्क्यांपर्यंत काढता येतो. उमंग ॲपवर किंवा पीएफच्या साईटवर आधी पासबुक बघ, कॉन्ट्रॅक्टरनं सगळे महिने भरलेत का. कापलेत पण भरले नाहीत असं निघालं तर ती वेगळी तक्रार. पीएफ सगळा मोडायला मी कधीच सांगत नाही, पण दोन-तीन महिन्याचं भाडं आणि हे हप्ते एवढ्यापुरता काढलास तर त्यात काही वावगं नाही, दहा घरी हात पसरण्यापेक्षा आपलेच पैसे आहेत. आणि हो, ओटीपी, पोवईनाक्याच्या भावानं सांगितलंय तेच, नंबर चालू पाहिजे.

तिसरं, तुझा अडकलेला पगार. नवीन वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासनं लागू झालीय, तिच्यात माणसाला काढलं तर दोन कामाच्या दिवसात राहिलेला पगार द्यायचा असं आहे. कॉन्ट्रॅक्टरचं बिल पास झालं की नाही याच्याशी तुझा संबंध नाही. आणि कॉन्ट्रॅक्टरनं नाही दिला तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते. एक साधा अर्ज लिही, कधीपासनं होतो, कधी काढलं, किती पगार राहिलाय, दोन प्रती, एक कॉन्ट्रॅक्टरला आणि एक कंपनीच्या एचआरला, पोच घे. गेटवर पोच देत नाहीत, म्हणून स्पीड पोस्टानं पाठव आणि पावती जपून ठेव. आठवडाभरात हललं नाही तर सांगलीत सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसला तो अर्ज घेऊन जा. एकटा जाऊ नको, तुझ्याबरोबर काढलेली सेकंड शिफ्टची पोरं असतील, त्यांना घेऊन जा. चौघांनी एकत्र अर्ज दिला की कॉन्ट्रॅक्टर त्याच संध्याकाळी फोन करतो हे मी बघितलंय.

स्पष्ट_बोलतो_तासगाव

कराडच्या दादांचं हे ईएसआयचं मला माहिती नव्हतं, माझ्या मेव्हण्यालाही सांगतो, तोही बसलाय घरी. हप्त्याचं मेल टाकून बघ म्हणतात तर बघ भावा, त्यानं नुकसान काही नाही. पण घरातलं रेशन आधी, ह्यावर मी ठाम आहे.

वाईची_मोठी_ताई

सगळ्यांनी चांगलं सांगितलंय, मी एकच विचारते. घरी सांगितलंयस का रे? बायकोला माहिती असेल, पण वडिलांना? माझ्या भावाची शिरवळची नोकरी गेली तेव्हा तो रोज डबा घेऊन बाहेर पडायचा आणि दिवसभर लोणंदच्या स्टँडवर बसायचा, आम्हाला कळलं तेव्हा जीव तुटला. वडिलांचा नंबर प्लॅनमधनं काढायचा म्हणजे त्यांना सांगावं लागणारच आहे, मग नीट बसून सांग. गावाकडची माणसं आपल्याला वाटतं तेवढी कच्ची नसतात, त्यांनी दुष्काळ बघितलेत. आणि वडिलांचा नंबर त्यांच्या बँकेला, पेन्शनला, शेतीच्या अनुदानाला जोडलेला असेल तर तो प्रीपेड करून झाला की लगेच रिचार्ज टाक, संपायची तारीख तूच कॅलेंडरवर लिहून ठेव. पोस्टपेडमध्ये ते बघायची सवय राहत नाही. प्रीपेड ९० दिवस वापरलंच नाही आणि खात्यात २० रुपयेसुद्धा नसले तर बंद होतं.

आणि नोकरीच्या नावाखाली कुणी रजिस्ट्रेशन फी, युनिफॉर्मचे पैसे मागितले तर देऊ नको. या काळात असले फोन फार येतात, आणि माणूस अडलेला असतो म्हणून देऊन बसतो.

कुपवाड_व्हीएमसी

मंडळी, काय काय झालं ते कळवतो.

विश्रामबागच्या स्टोअरला गेलो, बायको आणि वडील दोघांचे नंबर आधी सोडवले, वडिलांना त्यासाठी गावाकडनं बोलावलं होतं, त्यांचा ओटीपी त्यांच्याच फोनवर येत होता म्हणून. तीनही नंबर आता प्रीपेड आहेत. त्या दोघांना नुसतं कॉलिंगचं पॅक टाकलं. काऊंटरवरच्या मुलीनं आधी असं पॅक नाहीच म्हणून सांगितलं, मग मी ॲपमध्ये शोधून दाखवलं तेव्हा टाकून दिलं. परत पोस्टपेड करायचं असेल तर ३० दिवस थांबावं लागेल म्हणाली, म्हटलं ताई मला वर्षभर तरी नको. डिपॉझिट शेवटच्या बिलात वळतं केलंय.

वडिलांना सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, संध्याकाळच्या गाडीनं गावी गेले आणि दुसऱ्या दिवशी एकाबरोबर ज्वारीचं पोतं पाठवून दिलं.

अर्चनाताई, तुम्ही सांगितलं तसा मेल टाकला, आकडा घालून, तीन महिने हजार रुपये. पहिलं उत्तर आलं की असं करता येत नाही. मग मी तक्रार अधिकाऱ्याला तोच मेल पाठवला तेव्हा एकाचा फोन आला, मुदत वाढवत नाही म्हणाले पण तारीख पाचची वीस करून दिली आणि या महिन्याचा मँडेट टाकला नाही, बाऊन्स लागला नाही. लेखी द्या म्हटलं तर मेल आला. विमा नव्हता, बघितलं सगळं. फोन विकायचा विचार अजून आहे, मिरजेत एकानं १६ हजार सांगितले, फोरक्लोजर १७,९०० दाखवतंय, वरचे पीएफमधनं घालावे असं बायको म्हणतेय आणि मलाही तेच बरोबर वाटतंय. पीएफचं पासबुक बघितलं, दोन महिने भरलेलेच नाहीत.

ईएसआयसीला फॉर्म दिलाय. आमच्या शिफ्टचे पाच जण मिळून कॉन्ट्रॅक्टरला स्पीड पोस्ट केलंय. कराडचे दादा, ते पीएफ न भरलेल्या दोन महिन्यांचं त्याच अर्जात घालू का वेगळं करू?

कराडचा_युनियनवाला

वेगळं कर. पगाराचं कामगार आयुक्तांकडं आणि पीएफचं पीएफ ऑफिसकडं, ऑनलाईन ईपीएफआय-जीएमएस म्हणून तक्रारीचं पोर्टल आहे त्यावर टाक, यूएएन आणि ओटीपी लागेल. त्या दोन महिन्यांच्या पगार पावत्या आहेत का? पावतीवर पीएफ कापल्याचा आकडा असेल तर तेवढा एक कागद पुरे. पाचही जणांचे पासबुक उघडून बघा, एकाचे नाहीत म्हणजे बहुतेक सगळ्यांचेच नसणार. आणि हे होईपर्यंत फोन विकलास तरी सिम आठवणीनं काढून साध्या फोनात टाक.

कुपवाड_व्हीएमसी

पावत्या आहेत, व्हॉट्सॲपवर पाठवायचा तो, सगळ्या सेव्ह आहेत. आज रात्रीच बाकीच्या चौघांना पासबुक बघायला सांगतो.